राज्य बदलताना ड्रायव्हिंग रेकॉर्ड: जुनं लायसन्स हातात असतानाच उरकायची कामं

अमेरिकेत ड्रायव्हिंग रेकॉर्ड देशाचं नसतं, राज्याचं असतं. टेक्सासने दिलेल्या लायसन्सची कुंडली टेक्सासकडे, न्यू जर्सीने दिलेल्याची न्यू जर्सीकडे. तुम्ही राहायला दुसरीकडे गेलात की नवं राज्य जुन्या राज्याकडे चौकशी करतं, काही नोंदी उचलतं, काही सोडून देतं आणि जुनं कार्ड काउंटरवरच काढून घेतं. नेमकी इथेच पंचाईत होते. रेकॉर्ड ऑनलाइन मागवायला बऱ्याच राज्यांत त्या कार्डावर छापलेले आकडे लागतात. लायसन्स नंबर बहुतेकांना पाठ असतो किंवा कुठल्यातरी फॉर्मवर सापडतो. पण टेक्सास कार्डाचा ऑडिट नंबर मागतं, न्यूयॉर्क डॉक्युमेंट नंबर मागतं, आणि हे आकडे प्रत्येक नव्या कार्डागणिक बदलतात. कार्ड गेलं की आकडे गेले. मग फॉर्म, चेक आणि पोस्ट.

म्हणून पहिलं काम फुकटातलं: कार्डाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. छापील आकडे वाचता येतील असा, चकाकी न आलेला. दुसरं काम, सामान बांधायच्या साधारण दोन महिने आधी रेकॉर्ड मागवा. इतकं आधी का, ते पुढे कळेल. रेकॉर्डवर एखादी अडचण निघाली तर ती सोडवताना कोर्ट, डीएमव्ही (राज्याचं लायसन्स ऑफिस) आणि पोस्ट या तिघांच्या गतीने जावं लागतं, आणि त्यातलं कोणीही तुमच्या मूव्हिंग ट्रकची तारीख बघून काम करत नाही.

कोणाकडे मागायचं, कोणतं मागायचं

सगळीकडे ऑफिसचं नाव डीएमव्ही नसतं. टेक्सासमध्ये लायसन्सचं काम डीपीएस बघतं. तिथलं डीएमव्ही फक्त गाडीच्या नोंदणीचं. न्यू जर्सीत एमव्हीसी, मॅसॅच्युसेट्समध्ये आरएमव्ही, इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस, जॉर्जियात डीडीएस, वॉशिंग्टन राज्यात डीओएल. कागदाचं नावही बदलतं: कुठे ड्रायव्हर रेकॉर्ड, कुठे अ‍ॅबस्ट्रॅक्ट, कुठे ड्रायव्हर हिस्टरी. विमा कंपन्या आणि नोकरी देणारे सरसकट एमव्हीआर म्हणतात. वस्तू एकच.

गुगलवर शोधलं की वरचे दोन-तीन निकाल जाहिरातींचे असतात. खासगी साइट, सरकारी वाटावी अशी रंगसंगती, आणि सरकारी फीच्या कितीतरी पट पैसे. पत्ता डॉट गव्हने संपतो का ते पाहा, किंवा राज्याच्या मुख्य साइटवरूनच आत जा. खरी फी बहुधा किरकोळ असते. कॅलिफोर्नियात ऑनलाइन २ डॉलर, आयएनएफ ११२५ हा फॉर्म भरून मागवलं तर ५ डॉलर. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन ७, पोस्टाने किंवा ऑफिसात १०, फॉर्म एमव्ही-१५सी. न्यू जर्सीत पाच वर्षांचं प्रमाणित अ‍ॅबस्ट्रॅक्ट १५ डॉलरला. मॅसॅच्युसेट्समध्ये साधी प्रत ८, प्रमाणित प्रत २०. फी अधूनमधून बदलते, पैसे भरायच्या पानावरचा आकडा खरा धरा.

स्वस्त पडतो तो प्रकार घेण्याचा मोह टाळा. टेक्सासचं उदाहरण घ्या, कारण तिथे प्रकार बरेच आहेत. टाइप १ मध्ये फक्त लायसन्सची सध्याची स्थिती. टाइप २ मध्ये गेल्या तीन वर्षांतले गुन्हे आणि अपघात. टाइप ३ मध्ये संपूर्ण इतिहास. पुढे ‘ए’ लागला की तीच माहिती प्रमाणित होऊन येते. टाइप एआर हे पूर्ण रेकॉर्डचं प्रमाणित अ‍ॅबस्ट्रॅक्ट, सगळ्यात महाग. फी ४ डॉलरपासून २० डॉलरपर्यंत, ऑनलाइन थोडी जास्त. स्वतःच्या तपासणीसाठी टाइप ३ पुरतो. कोणाला दाखवायचं असेल, म्हणजे नवं राज्य, नोकरी किंवा वकील, तर ३ए किंवा एआर. फ्लोरिडातही तीन वर्षं, सात वर्षं आणि संपूर्ण असे तुकडे मिळतात. न्यूयॉर्कमध्ये स्टँडर्ड आणि लाइफटाइम.

आमचा सल्ला: राज्य कोणतंही असो, राज्य सोडताना संपूर्ण इतिहासाची प्रमाणित प्रत एकदा घ्याच. तीन वर्षांच्या प्रतीत दहा वर्षांपूर्वीचं सस्पेन्शन दिसत नाही, आणि नवं राज्य अडवतं ते नेमकं तसल्या जुन्या गोष्टीवरून. शिवाय संपूर्ण प्रतीवर लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख असण्याची शक्यता जास्त. तिचं महत्त्व विम्याच्या वेळी कळतं. पीडीएफ आली की लगेच उतरवून ठेवा, कारण बऱ्याच साइटवर ती काही दिवसच उपलब्ध असते.

कोणाकोणाकडे मागायचं याचं उत्तर ‘सध्याच्या राज्याकडे’ एवढंच नाही. मिशिगनमध्ये एमएस, मग तीन वर्षं कॅलिफोर्निया, आता नॉर्थ कॅरोलायना असा प्रवास झाला असेल तर मिशिगन आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडून मागवा. भारतातलं लायसन्स वापरून गाडी चालवताना वाहतुकीचा नियम मोडल्याचं तिकीट मिळालं असेल तर तेही हवेत विरत नाही. त्या राज्याचं लायसन्स नसलेल्या चालकाच्या नावाने कॅलिफोर्निया स्वतंत्र नंबर उघडतं आणि शिक्षा त्यावर चढवतं. पुढे लायसन्स काढताना तो नंबर कधी जोडला जातो, कधी नाही.

रेकॉर्ड वाचताना

हातात आलेला कागद वरवर पाहून ‘क्लीन आहे’ म्हणू नका. चार ठिकाणी बोट ठेवून वाचा: नाव आणि जन्मतारीख, लायसन्सची स्थिती, नोंदींच्या तारखा, आणि कोड.

नावापासून सुरुवात करा, कारण मराठी माणसाचं सगळ्यात जास्त घोळ घालणारं प्रकरण हेच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर अनेक बायकांचं मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं. पासपोर्टवर एक, सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरं, आधीच्या राज्याच्या लायसन्सवर तिसरं असं सहज होतं. एका राज्याच्या सिस्टीममध्ये मधलं नाव पहिल्या नावाला चिकटवलेलं असतं, दुसऱ्यात जागा संपली म्हणून कापलेलं. पहिलं नाव पासपोर्टवर रिकामं असेल तर तिथे एफएनयू, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. राज्यं एकमेकांकडे चौकशी करतात ती नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर आणि सोशल सिक्युरिटी नंबराच्या ताळमेळावर. नाव वेगळं निघालं तर दोन्ही बाजूंनी तोटा. तुमचा दहा वर्षांचा चांगला इतिहास नव्या राज्याला सापडत नाही, किंवा तुमच्यासारखंच नाव आणि तीच जन्मतारीख असलेल्या भलत्याच माणसाचं सस्पेन्शन तुमच्या गळ्यात पडतं. म्हणून जुन्या राज्यात असतानाच नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, किंवा निदान लग्नाचा दाखला, दोन्ही नावांचे कागद आणि जुन्या रेकॉर्डची प्रमाणित प्रत एका फाइलमध्ये ठेवा.

स्थितीच्या रकान्यात व्हॅलिड दिसलं पाहिजे. एक्स्पायर्ड म्हणजे मुदत संपली. कॅन्सल्ड म्हणजे बहुधा कागदपत्रांच्या कारणावरून रद्द. सस्पेंडेड म्हणजे ठरावीक काळ किंवा ठरावीक अट पूर्ण होईपर्यंत थांबवलेलं. रिव्होक्ड म्हणजे काढूनच घेतलेलं, पुन्हा अर्ज करून मिळवायचं. एलिजिबल हा शब्द फसवा आहे: तुम्ही लायसन्स मिळवायला पात्र आहात एवढंच तो सांगतो, लायसन्स चालू आहे असं नाही.

तारखा दोन असतात, गुन्हा घडल्याची आणि दोषी ठरवल्याची. कोणती नोंद किती दिवस टिकते याचा हिशेब राज्याराज्यात वेगळा. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक शिक्षा आणि अपघात, ज्या वर्षी नोंद झाली ते वर्ष संपेपर्यंत आणि त्यापुढची तीन वर्षं दिसतात. म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये दोषी ठरलात तर नोंद २०२६ च्या अखेरीला जाते. तीच सुनावणी लांबून जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला तर २०२७ च्या अखेरीपर्यंत राहते. एका महिन्याच्या फरकाने एक वर्ष. कॅलिफोर्नियात एका पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे प्रत्येक गुन्ह्यामागे राज्य रेकॉर्डवर चढवतं ते दंडाचे गुण) साध्या शिक्षा साधारण तीन वर्षं, पण दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद दहा वर्षं. जायची मुदत उलटून गेलेली नोंद अजून दिसत असेल तर ती काढायला सांगण्याची वेळ आत्ताच.

कोड पाहून घाबरू नका. राज्यं एकमेकांना माहिती पाठवताना एसीडी नावाची एक सामायिक यादी वापरतात. एस अक्षराने सुरू होणारे वेगाचे: एस ९२ हा नेहमीचा. एम १४ म्हणजे सिग्नल किंवा पाटी न पाळणं, एम ८४ बेदरकार गाडी चालवणं, ए २० दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली चालवणं, बी २६ सस्पेंड असताना चालवणं. पण राज्य बदलणाऱ्याने खरी धास्ती घ्यावी ती डी मालिकेची. डी ४५ म्हणजे कोर्टात हजर न होणं, डी ५३ दंड न भरणं, डी ५६ तिकिटाला उत्तरच न देणं, डी ३६ विमा चालू न ठेवणं. वेगाचं तिकीट विम्याचा हप्ता वाढवतं. डी मालिकेतली नोंद नवं लायसन्सच अडवते.

रेकॉर्डवर जे नाही त्याकडेही लक्ष द्या. तिकीट मिळालं पण निकाल लागलेला नाही, तर ते रेकॉर्डवर दिसत नाही. कागद स्वच्छ, पण कोर्टात केस उघडी. घर बदलल्यावर तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तुम्ही हजर होत नाही आणि चार महिन्यांनी डी ४५ उगवतो. गेल्या दोन-तीन वर्षांत कुठेही थांबवलं गेलं असेल तर त्या काउंटीच्या कोर्टाच्या साइटवर नावाने शोधा. रस्त्यात लागलेल्या एखाद्या लहान गावाचं म्युनिसिपल कोर्ट विसरू नका. लांबच्या ट्रिपमधली तिकिटं तिथेच पडून असतात.

पॉइंट नव्या राज्यात जात नाहीत, शिक्षा जाते

याबद्दल बराच गैरसमज आहे. जुन्या राज्यातले तीन पॉइंट नव्या राज्यात तीन म्हणून उतरत नाहीत. ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट या कराराने राज्यं शिक्षा झाल्याची माहिती एकमेकांना देतात, आणि घेणारं राज्य ती आपल्या कायद्याने मोजतं. करारात ४५ राज्यं आणि डीसी आहेत. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन बाहेर. बाहेर म्हणजे माहिती जातच नाही असं मात्र नाही. इतर मार्गांनी ती जाते.

मोजण्यातला फरक बघा. बाहेरच्या राज्यात झालेल्या साध्या वाहतूक गुन्ह्याला न्यूयॉर्क पॉइंट लावत नाही, कॅनडातल्या ऑन्टारिओ आणि क्युबेकचा अपवाद सोडून. न्यू जर्सी त्याच तिकिटाला सरसकट दोन पॉइंट लावतं. टेक्सासने पॉइंटवर आधारलेला जादा दंडाचा कार्यक्रम १ सप्टेंबर २०१९ पासून बंदच केला. त्यामुळे ‘माझे पॉइंट किती होतील’ हा प्रश्न जुन्या राज्याला विचारून उपयोग नाही. नव्या राज्याच्या साइटवर बाहेरच्या राज्यातल्या शिक्षांचा नियम वाचा.

दुसरा करार, नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट, न भरलेल्या तिकिटांचा. बाहेरच्या राज्यातलं तिकीट तुम्ही दुर्लक्षलंत तर तुमचं राज्य तुमचं लायसन्स सस्पेंड करतं. अलास्का, कॅलिफोर्निया, मिशिगन, माँटाना, ओरेगन आणि विस्कॉन्सिन सोडून बाकीची राज्यं यात आहेत.

देशपातळीवरची एकच यादी: एनडीआर

सगळ्या राज्यांना सामायिक असं एकच ठिकाण आहे, नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर. १९६० च्या कायद्याने सुरू झालेलं आणि एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेकडे असलेलं. त्यात संपूर्ण इतिहास नसतो. ज्यांचं लायसन्स सस्पेंड, रिव्होक, कॅन्सल झालं किंवा नाकारलं गेलं, किंवा ज्यांना गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, त्यांची ओळख आणि ‘तपशील अमुक राज्याकडे’ असा निर्देश एवढंच. नवं लायसन्स देण्याआधी काउंटरवरचा माणूस ही यादी तपासतो. नाव निघालं तर निर्देश केलेल्या राज्याला तिथल्या तिथे विचारणा जाते आणि उत्तर येतं: लायसन्स्ड, एलिजिबल किंवा नॉट एलिजिबल. शेवटचं आलं की तुमचं काम तिथेच थांबतं. कारण काउंटरवर सांगता येत नाही. ज्या राज्याने अडवलं त्याच्याशी बोला एवढंच उत्तर मिळतं.

ही यादी स्वतःची स्वतः तपासता येते, फुकट. पत्र लिहायचं: पूर्ण कायदेशीर नाव आणि आधी वापरलेली नावं, जन्मतारीख, लिंग, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, लायसन्सचं राज्य आणि नंबर, उत्तर पाठवायचा पत्ता. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक. सही नोटरीसमोर करायची. नोटरी नसेल तर पत्र ग्राह्य धरत नाहीत. पाठवायचं नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर, १२०० न्यू जर्सी अव्हेन्यू एसई, वॉशिंग्टन डीसी २०५९० या पत्त्यावर. बँकेत खातेदाराला नोटरी बहुधा विनाशुल्क मिळते. जाणं-येणं पोस्टाचं, म्हणून सगळ्या कामांत हे पत्र सगळ्यात आधी टाका. ज्याने तीन-चार राज्यं बदलली, ज्याचं नाव बदललं, किंवा ज्याला कुठल्यातरी जुन्या तिकिटाची पुसट शंका आहे, त्याने हे टाळू नये. एकाच राज्यात सरळ आयुष्य गेलेल्याला राज्याचं रेकॉर्ड पुरतं.

अडवणूक निघाली तर

बहुतेक लोक इथे एक पायरी गाळतात आणि महिनाभर घालवतात. कोर्टात दंड भरला म्हणजे लायसन्स मोकळं झालं, असं नाही. कोर्ट आणि डीएमव्ही ही दोन वेगळी घरं आहेत. क्रम असा लागतो. आधी ज्या कोर्टाने तिकीट दिलं तिथे केस निकाली काढा आणि केस नंबर असलेली पावती घ्या. मग कोर्ट राज्याच्या लायसन्स ऑफिसला ‘निकाली’ असं कळवतं. हे आपोआप होतं, पण उशिरा होतं, आणि लहान कोर्टांत कधी होतच नाही, म्हणून कोर्टाच्या क्लार्कला फोन करून पाठवल्याची तारीख विचारा. त्यानंतर लायसन्स ऑफिसची वेगळी रीइन्स्टेटमेंट फी, म्हणजे लायसन्स पुन्हा चालू करण्याची फी. ही न भरल्यामुळे अडकलेली माणसं सगळ्यात जास्त. दंड भरलेला, पावती हातात, पण स्थिती सस्पेंडेडच. फी भरल्यावर ते राज्य आपली नोंद आणि एनडीआरमधला निर्देश सुधारतं. शेवटी स्थिती दाखवणारं साधं रेकॉर्ड पुन्हा मागवा आणि व्हॅलिड किंवा एलिजिबल आलंय याची खात्री करूनच नव्या राज्यात अपॉइंटमेंट घ्या.

सोबत क्लिअरन्स लेटर मागून ठेवा. जुन्या राज्याकडे तुमचं काही बाकी नाही असं सांगणारं हे पत्र. काही काउंटर ते मान्य करतात, काही फक्त सिस्टीमवर विसंबतात. जुन्या तारखेचं पत्र परत येतं, म्हणून जायच्या महिन्याभरातलंच असू द्या. जुन्या राज्याने एसआर-२२ ची (विमा चालू असल्याचं विमा कंपनीने राज्याला द्यायचं प्रमाणपत्र) अट घातली असेल तर राज्य बदलून ती सुटत नाही. मुदत संपेपर्यंत त्या राज्याकडे विमा कंपनीने ती दाखल करत राहिलं पाहिजे, आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा सस्पेन्शन.

रेकॉर्डवर चुकीची शिक्षा दिसत असेल तर लायसन्स ऑफिसशी भांडून फायदा नाही. ते फक्त कोर्टाने पाठवलेलं लिहितात. दुरुस्ती कोर्टातूनच व्हावी लागते. केसच्या निकालाची प्रमाणित प्रत काढा, कोर्टाकडून सुधारित कळवणी पाठवून घ्या. उलट तुम्ही नसलेल्याच अपघाताची नोंद, दुसऱ्या माणसाची नोंद, चुकीची जन्मतारीख, या गोष्टी ऑफिस स्वतः दुरुस्त करू शकतं.

विमा आणि नंबरप्लेटचा सापळा

स्वच्छ रेकॉर्ड राज्य सोडल्यानंतर खराब होण्याचं नेहमीचं कारण हे आहे, म्हणून थोडं सविस्तर. नव्या राज्यात विमा घेतला की लोक जुना विमा फोनवर बंद करतात. गाडीवर मात्र अजून न्यूयॉर्कची प्लेट आणि न्यूयॉर्कची नोंदणी. न्यूयॉर्कच्या सिस्टीमला दिसतं ते एवढंच की नोंदणी चालू आणि विमा बंद. नोटीस जुन्या घरी जाते. नोंदणी सस्पेंड होते, आणि खंड ९१ दिवस किंवा जास्त झाला तर लायसन्सही. तुम्ही तोवर दुसऱ्या राज्याचं लायसन्स घेतलेलं असलं तरी न्यूयॉर्ककडची ही नोंद पुढे त्रास देते. प्लेट चालू आणि विमा बंद असेल तर फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनातही कारवाई होते. क्रम पक्का ठेवा: आधी नव्या राज्यात विमा आणि नोंदणी, मग जुन्या प्लेट परत करून पावती, आणि सगळ्यात शेवटी जुना विमा बंद. प्लेटची पावती काही वर्षं सांभाळा.

विमा कंपनी भाव सांगण्याआधी दोन कागद बघते. एक तुमचं एमव्हीआर. दुसरा क्लू रिपोर्ट, लेक्सिसनेक्सिस या कंपनीचा, ज्यात सात वर्षांपर्यंतचे विम्याचे क्लेम असतात. पार्किंगमध्ये गाडी घासली, पोलीस आले नाहीत, विम्याने पैसे दिले: एमव्हीआरवर काही नाही, क्लूवर आहे. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. त्यात चुकीचा क्लेम किंवा आधीच्या मालकाच्या वेळचा अपघात सापडला तर लेखी हरकत घ्या. केंद्रीय फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याने त्यांना ती तपासावी लागते. रेकॉर्डमुळे नोकरी नाकारली जात असेल तर त्याच कायद्याने, अंतिम निर्णयाआधी, तुम्हाला त्या रिपोर्टची प्रत मिळायला हवी.

आणि ती पहिल्या लायसन्सची तारीख. नव्या कार्डावर इश्यूची तारीख नवी पडते. बारा वर्षं गाडी चालवणारा माणूस फॉर्मवर तीच तारीख भरतो, आणि हिशेबात तो नवशिका ठरतो. जुन्या राज्याची प्रमाणित प्रत आणि जुन्या विमा कंपनीकडून किती वर्षं विमा सलग होता याचं पत्र, ही दोन्ही कोटेशन मागताना पुढे करा.

नव्या राज्यात गेल्यावर

मुदत कमी असते आणि ती राहायला लागल्यापासून मोजतात. कॅलिफोर्निया १० दिवस देतं. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, वॉशिंग्टन ३० दिवस. न्यू जर्सी ६०. टेक्सास आणि इलिनॉय ९०. जुनं कार्ड मुदतीत असेल तर बहुतेक राज्यं गाडी चालवण्याची परीक्षा माफ करतात. मुदत संपलेली असेल तर परीक्षेची पाळी येऊ शकते. व्हिसावर असलेल्यांचं लायसन्स बहुधा आय-९४ च्या (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीची नोंद) तारखेला संपतं, त्यामुळे एक्स्टेन्शन अडकलेलं असताना राज्य बदलण्याचा योग आला तर आधी जुन्या राज्यात नूतनीकरण होतं का ते पाहा.

अर्जावर ‘दुसऱ्या कुठल्या राज्यात लायसन्स होतं का’, ‘कधी सस्पेंड झालं होतं का’ असे प्रश्न असतात. खरं लिहा. सगळी राज्यं आणि आधीची नावं लिहा. स्टेट-टू-स्टेट नावाच्या यंत्रणेतून बहुतेक राज्यं आता एकमेकांची लायसन्स थेट बघतात, आणि सही करून दिलेली खोटी माहिती हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नवं कार्ड आल्यावर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही राज्यांचं रेकॉर्ड एकदा मागवा. नव्या राज्यात जुनी शिक्षा दोनदा उतरलेली नाही ना, एकदा जुन्या तारखेने आणि एकदा कळवल्याच्या तारखेने, हे पाहा. जुन्या राज्यात स्थिती सरेंडर्ड किंवा दुसऱ्या राज्यात गेल्याची दिसायला हवी. अजून व्हॅलिडच दिसत असेल तर नव्या कार्डाची प्रत जोडून जुन्या राज्याला लेखी कळवा, आणि त्याच पत्रात पोस्टाचा नवा पत्ता द्या, म्हणजे एखादी उशिरा निघालेली नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचेल.